कॅटमधून हॅम्बुर्गला: प्रयोगाकडे की मशीनकडे?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: देवी अहिल्या विद्यापीठातून एमएस्सी झालंय, इंदूरच्या कॅटमध्ये (ॲक्सिलरेटरवर काम करणारी सरकारी संशोधन संस्था, आता आरआरकॅट) इंडस-२ या गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांतून प्रकाश काढणाऱ्या यंत्राच्या एका बीमलाइनवर प्रोजेक्टचं काम चालू आहे, आणि आता हॅम्बुर्गच्या युरोपियन एक्सएफईएलवर, म्हणजे इलेक्ट्रॉनकडून एक्स-रेचा लेसर काढणाऱ्या यंत्रावर, पीएचडीसाठी यायचंय. प्रयोगाकडे (त्या एक्स-रेनं नमुने तपासायला) जावं की मशीनकडे (ते यंत्रच चालवायला), आणि आईबाबांना पुढे इकडे आणता येईल का? ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतेय आणि स्पष्टच सांगते: मशीनकडे ये.

आधी एक गोष्ट, जी इंदूरहून अर्ज करणाऱ्या बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इथे दोन वेगळ्या संस्था आहेत. ३.४ किलोमीटरची यंत्रणा हॅम्बुर्गच्या बारेनफेल्डमध्ये डेझी या संशोधन संस्थेच्या आवारात सुरू होते आणि शेजारच्या राज्यातल्या शेनेफेल्डला संपते. इलेक्ट्रॉनना वेग देणारा ॲक्सिलरेटर डेझी चालवते; प्रयोगांची उपकरणं युरोपियन एक्सएफईएल ही कंपनी. मशीनचं काम हवं असेल तर जागा डेझीच्या पानावर शोधायची, शेनेफेल्डच्या नाही.

आता मशीनच का. इंडस-२ मध्ये २.५ जीईव्हीचा (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक) बीम तासन्‌तास गोल फिरतो. इथे १७.५ जीईव्हीपर्यंत पोचलेला इलेक्ट्रॉनचा प्रत्येक पुंजका अनड्युलेटरमधून (चुंबकांची रांग, जिच्यात इलेक्ट्रॉन नागमोडी जात प्रकाश सोडतात) एकदाच जातो आणि त्याला शोषून घेणाऱ्या डंपमध्ये संपतो. कॅटच्या इन्फ्रारेड एफईएलमध्ये (फ्री इलेक्ट्रॉन लेसरमध्ये) दोन आरशांमध्ये प्रकाश मागे-पुढे फिरवून वाढवता येतो. एक्स-रेला समोरून परतवणारे तसे आरसे सहज मिळत नाहीत, म्हणून सगळी वाढ एकाच फेरीत व्हावी लागते. सुरुवातीला इलेक्ट्रॉन वाटेल तसे प्रकाश सोडतात. मग त्याच प्रकाशाच्या प्रभावाखाली पुंजक्यात तरंगलांबीच्या अंतरावर पातळ थर पडतात आणि सगळे एका ठेक्यावर येतात. दिंडी निघताना टाळ इकडे-तिकडे वाजतात आणि चार पावलांत जुळतात, तसं. ही कल्पना कागदावर १९८० च्या सुमारास आली; कठीण (जास्त ऊर्जेच्या) एक्स-रेमध्ये ती पहिल्यांदा खरी झाली स्टॅनफर्डच्या एलसीएलएसवर, २००९ मध्ये. एवढी वर्षं मधे गेली ती सिद्धान्तामुळे नाही. इलेक्ट्रॉन गन, पुंजका दाबून आखूड करणं आणि बीम मायक्रॉनच्या हिशेबात सरळ ठेवणं, यातच ती गेली. इथल्या कठीण एक्स-रेच्या अनड्युलेटरचे पाच-पाच मीटरचे ३५ तुकडे आहेत. त्यांतून बीम जरा वाकडा गेला की लेसिंग, म्हणजे लेसरसारखी प्रकाशाची वाढ, बंद पडतं, आणि मग रात्री दोनला कंट्रोल रूममध्ये सगळे मशीनवाल्यांकडेच बघतात.

अशी माणसं जगात थोडी आहेत, कारण मशीनच थोडी आहेत: अमेरिकेत एलसीएलएस, जपानमध्ये साक्ला, कोरियात पोहांग, स्वित्झर्लंडमध्ये स्विसएफईएल आणि हे. शांघायमध्ये आणखी एक उभं राहतंय. इथली नायोबियमची १.३ गिगाहर्ट्‌झची कॅव्हिटी (इलेक्ट्रॉनना वेग देणारी धातूची पोकळी) २ केल्विनला चालते. एलसीएलएस-२ मध्येही त्याच जातीची आहे. आणि आपल्या कॅटनं अमेरिकेच्या फर्मिलॅबबरोबर याच सुपरकंडक्टिंग कॅव्हिटीवर काम केलंय. उद्या परतावंसं वाटलं तर ही विद्या इंदुरात राजेंद्रनगरच्या पलीकडे, कॅटमध्येच उपयोगी पडते. प्रयोगवाल्याला परत गेल्यावर एक्सएफईएल कुठून आणणार?

प्रयोगात चमक जास्त आहे, नाकारत नाही. सेकंदाला २७,००० पल्स, प्रत्येक काही फेमटोसेकंदांची. प्रोटीन फेमटोसेकंदांच्या वेगात हलताना पकडायचं तर दुसरी सोय नाही. पण बीम टाइम (यंत्र वापरायची वेळ) स्पर्धेतून मिळतो, मिळाला की मोजक्या शिफ्ट, आणि त्यात नमुन्याचा जेट (बीमसमोर सोडलेली बारीक धार) तुंबला तर सहा महिन्यांची तयारी वाया. पीएचडीचा विद्यार्थी असल्या नशिबावर राहू नये असं माझं मत. तरीही प्रयोगच करायचा असेल तर पायथन आणि डिटेक्टरच्या डेटावर हात बसवून ये. डेटा सोसणारी माणसं तिथे कायम कमी पडतात.

कराराचं नीट समजून घे. पीएचडी ही इथे पगारी नोकरी असते, त्यामुळे विद्यार्थ्यांसारखं ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच अडकवून ठेवायचं खातं) उघडावं लागत नाही. नाव मात्र विद्यापीठात नोंदवावं लागतं. जर्मनीच्या कायद्यानुसार शास्त्रज्ञाला मुदतीचे करार साधारणपणे पीएचडीआधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं एवढेच देता येतात. त्यानंतर कायम करा, नाहीतर निरोप. माझ्या पाहण्यात कायम होतात ते आरएफ (रेडिओ लहरींची यंत्रणा), व्हॅक्यूम, क्रायोजेनिक्सवाले (अतिथंड यंत्रणेचे). कामाची भाषा इंग्रजी आहे, पण घरमालक आणि डॉक्टर जर्मनच बोलतात. घर मिळणं ही इथली खरी परीक्षा, म्हणून सुरुवातीचे आठवडे गेस्ट हाउस मागून घे.

आईबाबांचं गोड करून सांगत नाही. लग्न झालं तर जोडीदार येऊ शकतो आणि नोकरीही करू शकतो. आईवडिलांना आणण्याची वाट पूर्वी जवळजवळ नव्हतीच; १ मार्च २०२४ पासून कुशल कर्मचारी किंवा संशोधक म्हणून पहिल्यांदा परवाना मिळालेल्याला ती आहे, पण त्यांचा खर्च आणि आरोग्यविमा भागवता आला पाहिजे. नाहीतर व्हिजिटर व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस. मे ते जुलैमध्ये बोलाव. डिसेंबरमध्ये साडेआठला उजाडतं आणि चारला अंधार पडतो. इंदूरच्या छावणीतल्या शेजाऱ्यांशी रोज गप्पा मारणाऱ्या आईला ते सोसत नाही. एकुलता एक असशील तर हे निघण्याआधी घरात बसून बोल, फोनवर नको.

गाइडला मेल लिहिताना 'मला एफईएलमध्ये रस आहे' एवढ्यावर थांबू नकोस. इंडस-२ वर स्वतः काय जुळवलंस, बीम तपासायचं कुठलं निदान-उपकरण हाताळलंस, कुठला लॉग वाचून काय दुरुस्त केलंस ते दोन परिच्छेदांत लिही. मसुदा आधी मला पाठव.