महावितरण स्वतःच्या मर्जीने वीजदर वाढवू शकते का?

नाही, सोलापुरातल्या यंत्रमागाचं बिल असो की घरचं, दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगच ठरवतो. विद्युत कायदा 2003 च्या कलम 64 नुसार कंपनीला याचिका दाखल करून तिचा गोषवारा जाहीर करावा लागतो. हरकती-सूचना विचारात घेऊन आयोगाने 120 दिवसांत आदेश द्यायचा असतो. वीजखरेदीचा खर्च, गळती, वसुली असे आकडे तिथे तपासले जातात. म्हणून 'दरवाढ परवडत नाही' एवढीच हरकत फुकट जाते. गळतीचा किंवा खर्चाचा कुठला आकडा फुगवलाय, ते याचिकेतलं पान देऊन दाखवा. यंत्रमागाची सवलत मात्र तिथे मागू नका, ती राज्य सरकारची. आणि हो, बिलातला 'इंधन समायोजन आकार' (म्हणजे इंधन आणि वीजखरेदीच्या खर्चातला फरक) सुनावणीची वाट न बघताही बदलतो.