पुण्यात रोज चालवायच्या गाडीत नायट्रस किट कायदेशीर आणि सुरक्षितपणे बसवता येईल का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक आहे, रोज हिंजवडीला ऑफिसला जाते, मित्र दुबईहून ५० हॉर्सपॉवरचं नायट्रस किट (इंजिनात नायट्रस ऑक्साइड गॅस सोडून ताकद वाढवणारी जोडणी) बाटलीसकट आणतो म्हणतोय, बाटली हॉस्पिटलला गॅस पुरवणाऱ्याकडून भरून मिळेल असं कुणीतरी सांगितलंय, आणि हे सगळं ‘सेफ आणि लीगल’ कसं करायचं ते तुम्हाला हवंय.

लीगल होणार नाही. पांढऱ्या नंबरप्लेटच्या, रस्त्यावर पळणाऱ्या गाडीत तर नाहीच. मी रेसच्या गाड्यांची इंजिनं बांधतो, नायट्रसवरच्या गाड्या ट्यून करतो आणि मला हा गॅस मनापासून आवडतो. इतक्या कमी पैशात इतकी ताकद दुसरं काहीच देत नाही. तरीही माझं उत्तर हेच आहे, आणि कारणं नीट सांगतो.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीमधले तपशील आणि कंपनीने मुळात ठरवलेले तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम कडक अर्थाने लावलं. रंग बदलणं किंवा किरकोळ फिटिंग ही गोष्ट वेगळी, पण कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असा त्याचा सूर आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

‘मग सीएनजी किट कसं चालतं?’ हा पुढचा प्रश्न मला नेहमी येतो. सीएनजी, एलपीजी आणि इलेक्ट्रिक किटसाठी नियमांत वेगळी वाट आहे. किट आपल्या पुण्यातल्या एआरएआयसारख्या, गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून तपासून मान्य होतं, अधिकृत माणूस ते बसवतो आणि आरटीओत आरसीवर नोंद होते. नायट्रससाठी अशी वाटच नाही. त्यामुळे ‘ओळखीने पासिंग करून देतो’ असं कुणी म्हणालं तर तो तुम्हाला कायदेशीर काहीच देत नाहीये.

दंड भरता येतो. विम्याचं मात्र तसं नाही. अपघात झाला, सर्व्हेअरने डिकी उघडली आणि बाटली दिसली, तर न कळवलेल्या बदलाचं कारण देऊन कंपनी क्लेम नाकारू शकते. समोरच्याला दुखापत झाली असेल तर ती भरपाई तुमच्याकडून वसूल होण्याची वेळ येऊ शकते. ५० हॉर्सपॉवरसाठी घर पणाला लावू नका.

आता गॅसकडे वळू. नायट्रस हे इंधन नाही, हा गैरसमज आधी काढून टाका. चुलीत फुंकणीने हवा घातली की लाकडं जोमाने पेटतात, तसं हे काम आहे. हवेत वजनाने साधारण २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये ३६ टक्के. शिवाय तो द्रवरूपात बाहेर पडतो आणि उणे ८८ अंशांना उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवा थंड आणि दाट होते. सिलिंडरच्या उष्णतेत रेणू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि फुटतानाही उष्णता देतो. म्हणजे जास्त पेट्रोल जाळायची सोय झाली. पण ते जास्तीचं पेट्रोल तुम्हालाच पुरवावं लागतं, आणि बहुतेक इंजिनं इथेच मरतात.

साधारण ९.६ किलो नायट्रसमागे १ किलो पेट्रोल लागतं, आणि सुरक्षिततेसाठी आपण त्याहून थोडं जास्तच देतो. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी, ऑक्सिजन जास्त), नॉकिंग (मिश्रण आपोआप झटक्याने पेटणं) सुरू होतं आणि पिस्टनचा माथा काही सेकंदांत वितळतो. आपल्याकडे यात आणखी एक भानगड आहे ती म्हणजे ई२०, २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच ऑक्सिजनमागे ई२० शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ८ टक्के जास्त द्यावं लागतं. बाहेरच्या किटमधले जेट (गॅस आणि पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रं) साध्या पेट्रोलच्या हिशोबाने आलेले असतात. तो कागद वाचून जसेच्या तसे जेट बसवले तर पहिल्याच दिवशी मिश्रण लीन. ई२० चा ऑक्टेन (नॉकिंग रोखायची क्षमता) चांगला असतो म्हणून काही जण निर्धास्त राहतात, पण ऑक्टेनने कमी पडलेलं पेट्रोल भरून निघत नाही.

तुमच्या गाडीतलं इंजिन बहुधा ८० ते ९० हॉर्सपॉवरचं आहे. त्यावर ५० म्हणजे निम्म्याहून जास्त वाढ. मूळ पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड ठेवून मूळ ताकदीच्या ३० टक्क्यांपुढे जायचं नाही, हा माझा नियम. म्हणजे २५ हॉर्सपॉवरचा जेट, बस. तोही सिलिंडरचा दाब आणि गळती तपासणारी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट चांगली आली तरच. ओतीव पिस्टनच्या वरच्या रिंगची फट रोजच्या उष्णतेच्या हिशोबाने ठेवलेली असते. नायट्रसने उष्णता वाढली की रिंगची दोन टोकं एकमेकांना भिडतात, रिंगला फुगायला जागा उरत नाही आणि पिस्टनवरची कड तुटते. इंजिन उघडल्यावर लोक विचारतात, ‘नॉकिंग तर ऐकू आलंच नव्हतं!’ नेहमी ऐकू येतंच असं नाही.

दुसरी गोष्ट, जी व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही. नायट्रस सेकंदाला ठरावीक वजनाने येतो, इंजिन कितीही आरपीएमवर असो. ६,००० ला जेवढा येतो तेवढाच २,००० लाही. पण २,००० ला स्ट्रोक एक तृतीयांश असतात, म्हणजे प्रत्येक स्ट्रोकमध्ये तिप्पट गॅस. तिथे बटण दाबलं की रॉड वाकतो. वेट किट (गॅससोबत पेट्रोलही सोडणारं) असेल तर मॅनिफोल्डमध्ये (हवा सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळ्यांत) पेट्रोल साचतं आणि बॅकफायर होऊन प्लास्टिकचं मॅनिफोल्ड फुटतं. म्हणून विंडो स्विच लागतो, जो साधारण ३,००० ते ३,५०० च्या खाली गॅस सोडतच नाही. वरची मर्यादाही रेव्ह लिमिटरच्या (इंजिनाच्या कमाल आरपीएमच्या मर्यादेच्या) काही शे आरपीएम खाली ठेवायची, कारण बरेच ईसीयू (इंजिनाचे संगणक) लिमिटरवर पेट्रोल बंद करतात आणि गॅस मात्र येत राहतो.

ड्राय किट (फक्त गॅस सोडणारं) स्वस्त म्हणून घेतलं तर आपल्या छोट्या गाड्यांत वेगळीच अडचण येते. यातले पुष्कळ ईसीयू मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवा मोजतात. आत जादा ऑक्सिजन आलाय हे त्यांना कळतच नाही. ट्रॅकच्या गाडीवर मी वेट किटच लावतो. त्यात पूर्ण थ्रॉटलचा स्विच, पेट्रोलचा दाब पडला की गॅस बंद करणारा स्विच, एक पायरी थंड स्पार्क प्लग, प्लगची फट कमी, आणि ५० हॉर्सपॉवरमागे साधारण २ अंश इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे. मग डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) वाइडबँड (मिश्रण मोजणारा सेन्सर) लावून जेट ठरवायचा. डायनोशिवाय नायट्रस नाही, यावर मी तडजोड करत नाही.

पण खरं सांगू का, इंजिनाची मला एवढी काळजी नाही. इंजिन मेलं तर दुसरं येतं. मला काळजी आहे ती बाटलीची.

नायट्रस ऑक्साइडचं क्रांतिक तापमान ३६.४ अंश सेल्सिअस आहे. त्याहून कमी तापमानात बाटलीत तळाशी द्रव आणि त्याच्यावर वाफ असते, आणि दाब तापमानावर ठरतो: २१ अंशांना साधारण ५२ बार, आणि ट्यूनिंगसाठी आपल्याला हवा असतो साधारण ६५ बार, जो तिशीच्या आसपास मिळतो. ३६.४ च्या वर गेलं की द्रव आणि वाफ असा फरकच उरत नाही. बाटली जितकी जास्त भरलेली तितका दाब झपाट्याने चढतो. आता पुण्यातला एप्रिल आठवा. बाहेर ३९, उन्हात उभ्या बंद गाडीत ६० च्या घरात. विदर्भातल्या मे महिन्याबद्दल तर बोलायलाच नको. थंड देशातले लोक बाटली गरम ठेवायला हीटर लावतात, आपल्याकडे ती थंड कशी ठेवायची हाच प्रश्न आहे.

बाटलीच्या व्हॉल्व्हला एक सेफ्टी डिस्क असते, साधारण २०० बारला फुटणारी. ती फुटली की सगळा गॅस काही क्षणांत बाहेर येतो. हॅचबॅकमध्ये डिकी आणि केबिन यांच्यात भिंत नसते, फक्त एक पार्सल ट्रे. म्हणजे तो गॅस तुमच्याच नाकात जाणार. हा भूल द्यायचा गॅस आहे, तो केबिनमधला ऑक्सिजन ढकलून देतो आणि चालवणारा शुद्ध हरपतो. म्हणून रेसच्या गाडीत डिस्कला पाइप जोडून तो गाडीबाहेर काढतात. मला पाहायला मिळालेल्या हौशी किटांत नेमका हाच पाइप नसतो, कारण त्यासाठी पत्र्याला भोक पाडावं लागतं. सीएनजीच्या टाकीशेजारी नायट्रसची बाटली बसवायची कल्पनाही करू नका. आणि दाब वाढवायला बाटलीला टॉर्चची आच देणारा माणूस दिसला तर तिथून निघून जा.

हॉस्पिटलच्या गॅसबद्दल. मेडिकल नायट्रस हे औषध आहे, ते रुग्णालयासाठीच असतं. गाड्यांसाठीच्या नायट्रसमध्ये परदेशात मुद्दाम थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळतात, म्हणजे कुणी तो नशेसाठी ओढू नये. मोठ्या सिलिंडरमधून छोट्या बाटलीत गॅस ओतून देणारा माणूस तर दुहेरी धोका आहे. गॅस सिलिंडर नियम २०१६ नुसार भरण्यासाठी परवाना लागतो आणि बाटलीही मान्य प्रकारची लागते. या सगळ्याचा कारभार पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. शिवाय पाइपात किंवा पंपात तेल-ग्रीसचा अंश राहिला तर नायट्रस त्याच्यासोबत स्फोट करू शकतो. २६ जुलै २००७ ला कॅलिफोर्नियातल्या मोहावीला स्केल्ड कंपोझिट्सच्या तळावर, अंतराळयानाच्या इंजिनासाठी नायट्रसच्या प्रवाहाची चाचणी चालू असताना स्फोट झाला आणि तीन माणसं गेली. इंजिन पेटवलेलंही नव्हतं. रॉकेटवाल्यांची ही गत, तर कुणाच्या शेडमधल्या बाटली भरण्याचं काय सांगावं.

मग नायट्रसची हौस भागवायचीच नाही का? भागवा, पण वेगळ्या गाडीत. जुनी गाडी घ्या, ती फक्त ट्रॅकसाठी ठेवा, ट्रेलरवरून न्या-आणा. एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या मान्यतेने ड्रॅगच्या स्पर्धा होतात, लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही झाल्या आहेत. उतरायच्या आधी त्या वर्षीचं नियमपुस्तक वाचा, तुमच्या क्लासमध्ये नायट्रस चालतं का आणि बाटलीबद्दल काय अटी आहेत ते बघा. तिथे गाडी तपासणारे स्क्रुटिनीवाले असतात, अग्निशमन असतं, अँब्युलन्स असते. रात्री बाणेर-पाषाण लिंक रोडवर यातलं काहीच नसतं, असतात ती घरी परतणारी माणसं.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी दोन ओळी. कॅलिफोर्नियात किटला कार्ब या संस्थेचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक असेल तरच ते रस्त्यावरच्या गाडीत चालतं, आणि तोही तुमच्या मॉडेलसाठी दिलेला असावा लागतो. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ पासून नायट्रस ऑक्साइड क वर्गातला अमली पदार्थ आहे. रास्त कामासाठी सूट आहे, पण खरेदीचे कागद जपून ठेवा आणि विमा कंपनीला आधी कळवा.

खर्चाचं म्हणाल, तर किटची किंमत हा त्यातला लहान भाग आहे. डायनो, प्लग, पंप, स्विच, वाइडबँड, क्लच आणि प्रत्येक वेळी भरणं हे सगळं धरा. १० पौंडांची, म्हणजे साडेचार किलोची बाटली ५० च्या जेटवर जेमतेम तीन मिनिटं टिकते. रोजच्या वापराला जास्त ताकद हवी असेल तर ही हॅचबॅक विकून कंपनीतूनच टर्बो पेट्रोल आलेली गाडी घ्या. १ लिटरची इंजिनं आज ११० ते १२० हॉर्सपॉवर देतात, वॉरंटीसकट, आणि ती ताकद हिंजवडीच्या चढावर रोज वापरताही येते.

राहिला दुबईचा मित्र. त्याला आजच फोन करा. भरलेली बाटली विमानात ना हातात नेता येते, ना सामानात. आणि रिकामी आणली तरी पेसोची मान्यता नसलेली बाटली इथे आयात करता येत नाही, परवानाधारक माणूस ती भरणारही नाही. त्याने आधीच कुणाच्या सामानासोबत पाठवली असेल आणि ती भरलेली असेल, तर घरी तिचा व्हॉल्व्ह उघडून बघू नका, गाडीत ठेवू नका. सावलीत, मोकळ्या हवेत उभी बांधून ठेवा, तेल-ग्रीसचा हात लावू नका, आणि औद्योगिक गॅसच्या परवानाधारक विक्रेत्याला बोलावून ती रिकामी कशी करायची ते त्याच्याकडूनच करून घ्या.