आमटीतून दारूची गोळी

प्रश्न : यजमान रोज रात्री पितात. ओळखीच्या एकांनी दारू सोडवण्यासाठीच्या डायसल्फिरॅमच्या गोळ्या दिल्या आहेत. पूड करून आमटीत घातली तर कळत नाही म्हणतात. घालू का? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : घालू नका. आधीच घातली असेल, तर त्यांना आजच सांगा. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत दारूने त्रास होऊ शकतो.

या गोळीने दारूची ओढ कमी होत नाही. यकृतात दारूचे आधी ॲसिटाल्डिहाइड होते, मग ॲसिटेट. ही दुसरी पायरी गोळी अडवते. ॲसिटाल्डिहाइड रक्तात साठले की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब घसरतो. १९४०च्या दशकात कोपनहेगनला हाल्ड आणि याकोबसेन हे संशोधक जंतांवरचे औषध म्हणून ते स्वतःवर आजमावत होते, तेव्हा दारूशी असलेले हे वैर त्यांच्या ध्यानात आले.

म्हणजे गोळीचा सगळा उपयोग धास्तीत आहे. गोळी पोटात आहे हे माहीत असलेला माणूस ग्लास दूर ठेवतो. माहीत नसलेला नेहमीइतकीच पितो, आणि हृदयविकार असेल तर जिवावर बेतू शकते. वर एकदा उघडकीला आले की तुमच्या हातचे जेवणही तो संशयाने बघणार.

नीट द्यायची पद्धत अशी : त्यांची संमती, यकृताची रक्ततपासणी, ईसीजी, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास. मग बहुधा २५० मिग्रॅ रोज एकदा, घरच्या कुणासमोर. द्राक्षासव, अशोकारिष्ट यांसारखी आसवे-अरिष्टे आणि खोकल्याची काही सिरपे बंद, कारण त्यांतही अल्कोहोल असते. जुलाबावर सर्रास घेतले जाणारे मेट्रोनिडाझोलही चालत नाही. दोन्ही एकत्र गेली की भ्रम होऊ शकतो.

ओढच कमी करायची तर नाल्ट्रेक्सोन किंवा ॲकॅम्प्रोसेट असते. कोणते, हे यकृत आणि मूत्रपिंड पाहून डॉक्टर ठरवतात. यजमान यायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावरही बोलता येते, पैसे पडत नाहीत.

प्रश्न : भावाने परवापासून दारू एकदम बंद केली. हात थरथरतात, झोप नाही. सहन करू द्यावे का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही, आजच दवाखान्यात न्या. रोजच्या दारूने मेंदू गुंगीत असतो, म्हणून तो स्वतःची उत्तेजना वाढवून बसतो. दारू अचानक थांबली की ती मोकाट सुटते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, बरळणे, ताप. पूर्वी दारू सोडताना फिट आली असेल तर धोका जास्त. घरी ग्लुकोजची सलाईन लावून घेऊ नका : शरीरात थायामिन (जीवनसत्त्व बी-१) संपलेले असेल तर नुसत्या ग्लुकोजने मेंदूला इजा होऊ शकते. थायामिनचे इंजेक्शन आधी किंवा सोबत हवे. आणि रोज किती प्यायचा ते डॉक्टरांना कमी करून सांगू नका. शांत करणाऱ्या औषधाचा डोस त्या आकड्यावरूनही ठरतो.