टो ट्रकने एका फेरीत दोन गाड्या नेणं सुरक्षित असतं का?

असतं, पण ट्रक त्यासाठीच बनवलेला हवा: वर फ्लॅटबेड आणि मागे व्हील लिफ्ट. एक गाडी बेडवर चढते, दुसरीची दोन चाकं लिफ्टवर उचलतात आणि उरलेली दोन रस्त्यावर चालतात. तुम्ही म्हणताय, दोन्ही गाड्यांचं वजन ट्रकच्या क्षमतेत बसतं, मग भीती कसली? मी याच कामात आहे. भीती एकूण वजनापेक्षा पुढच्या एक्सलची जास्त.

लिफ्टवरचा भार मागच्या एक्सलच्याही मागे लटकतो. एक्सल टेकू होतो आणि ट्रकचं तोंड उचललं जातं. हिशेब सोपा आहे: लिफ्टवरचा भार गुणिले मागच्या एक्सलपासूनचं अंतर, भागिले व्हीलबेस, म्हणजे ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर. भार ८०० किलो, अंतर २.५ मीटर, व्हीलबेस ५ मीटर धरा. पुढून ४०० किलो गेले आणि मागच्या एक्सलवर १२०० चढले! रिकाम्या ट्रकच्या पुढच्या एक्सलवर जेवढं वजन असतं, त्याच्या निम्मं तरी लोड झाल्यावर उरायला हवं, असा आमच्याकडे ठोकताळा आहे. त्याखाली गेलं की स्टिअरिंग हलकं लागतं आणि ओल्या रस्त्यावर वळवलं तरी ट्रक सरळच जाऊ बघतो.

म्हणून जड गाडी बेडवर, केबिनच्या दिशेने जमेल तेवढी पुढे ओढून, चारही कोपऱ्यांना पट्टे लावून. हलकी गाडी मागे. बेड तिरका करावा लागतो, त्यामुळे चढवताना बेडवरची आधी आणि उतरवताना लिफ्टवरची आधी.

मागच्या गाडीची इंजिनाने फिरणारी चाकं उचलायची. ऑटोमॅटिक गाडीची तीच चाकं रस्त्यावर फिरत राहिली, तर इंजिन बंद म्हणून तेलाचा पंपही बंद, आणि गिअरबॉक्स तेलाविना फिरून खलास. मागची चाकं उचलली असतील तर स्टिअरिंग सरळ धरून पट्ट्याने बांधा, नुसत्या लॉकच्या भरवशावर राहू नका. फोर व्हील ड्राइव्ह किंवा इलेक्ट्रिक गाडी बेडवरच घ्या. दोन्ही तशाच निघाल्या तर सरळ दोन फेऱ्या मारा, गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी. हँडब्रेक सुटलाय ना, हेही स्वतः बघा, गाडीमालकाच्या तोंडी हमीवर विसंबू नका.

चाकांच्या पट्ट्यांशिवाय दोन साखळ्या वेगळ्या हव्यात, मागच्या गाडीपासून ट्रकच्या चेसिसला, खालून एकमेकींवरून फुली करून. पट्टा सुटलाच तर त्या गाडी धरून ठेवतात. ट्रकचे दिवे झाकले जातात, तेव्हा मागच्या गाडीवर टो लाइट लावून ब्रेक आणि इंडिकेटर तपासा. थोडं अंतर गेल्यावर थांबा आणि पट्टे पुन्हा आवळा, सस्पेन्शन बसल्यावर ते हमखास सैल पडतात.

मागच्या गाडीचे ब्रेक काही कामाचे नसतात, सगळं ट्रकलाच थांबवावं लागतं, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेकवरचा ताण चौपट होतो. अरुंद जागेत रिव्हर्स घ्यायचाच असेल तर आधी मागची गाडी उतरवा, नाहीतर ती वळून बेडच्या कोपऱ्यावर आदळते.