टेसची फाशी पडद्यावर का नाही?

प्रश्न : मुलीला बी.ए.ला थॉमस हार्डीची 'टेस' ही इंग्रजी कादंबरी आहे, म्हणून आम्ही दोघींनी तिच्यावरचा दिग्दर्शक रोमन पोलान्स्कीचा १९७९चा चित्रपट पाहिला. जवळजवळ तीन तास जीव टांगणीला लागला आणि शेवटी टेसला फाशी झाल्याचं नुसतं लिहून आलं! फार चुटपूट लागली. कादंबरीत तरी तो प्रसंग आहे का? आणि चित्रपटात दिसतं ते स्टोनहेंज, इंग्लंडमधलं ते प्राचीन दगडांचं वर्तुळ, खरं आहे का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, फाशी कादंबरीतही नाही. जुलैची सकाळ आहे. टेसचा नवरा एंजल आणि तिची धाकटी बहीण लिझा-लू गावाबाहेरची टेकडी चढून जातात. आठचे ठोके पडतात आणि खाली दिसणाऱ्या तुरुंगाच्या मनोऱ्यावर काळं निशाण, म्हणजे फाशी झाल्याची खूण, चढतं. बस, तेवढंच. चित्रपटाने ही टेकडी गाळली. मला ते चाललं, कारण लिझा-लूचा हात धरून निघालेला एंजल मला वर्गात शिकवताना दर वर्षी सलायचा.

हार्डी असं पुन्हा पुन्हा करतो. टेस अॅलेकचा, तिला फसवणाऱ्या माणसाचा, खून करते तोही आपल्याला दिसत नाही; घरमालकीण वर बघते तर पांढऱ्या छतावर लाल डाग पसरत चाललेला. हा डाग पोलान्स्कीने ठेवला आहे. त्याआधी, लग्नापूर्वी, जंगलातल्या एका रात्री अॅलेकने टेसशी नेमकं काय केलं, तेही हार्डी सांगत नाही. आणि लग्नाची रात्र! एंजल आधी आपली चूक कबूल करतो : लंडनमध्ये एका अनोळखी बाईबरोबर घालवलेले अठ्ठेचाळीस तास. टेस क्षणात माफ करते. उलट तिला हायसं वाटतं, की आता आपल्यालाही अॅलेकबद्दल सांगता येईल. ती बोलायला लागते आणि चौतिसावं प्रकरण संपतं. पस्तिसावं उघडतं तेव्हा तिचं सांगून झालेलं असतं. तिचं बोलणं आपल्या कानांवर येत नाही, एंजलचा बदललेला चेहरा मात्र बघावा लागतो. मी ही दोन प्रकरणं नेहमी एकाच तासाला घ्यायचे. वर्गातल्या मुली एंजलवर इतक्या चिडायच्या, की घंटा झाली तरी उठायच्या नाहीत.

तुमच्या आईला नूतनचा 'दुल्हन एक रात की' आठवत असेल. तो याच कादंबरीवर बेतलेला. त्याच्या नावातच ती रात्र आहे.

चित्रपटातलं स्टोनहेंज खरं नाही. फ्रान्समध्ये उभारलेला तो सेट आहे. अल्पवयीन मुलीशी शरीरसंबंध ठेवल्याचा गुन्हा पोलान्स्कीने अमेरिकेत कबूल केला होता आणि शिक्षा सुनावण्याआधीच, १९७८ मध्ये, तो तिथून पळाला. इंग्लंडमध्ये पाऊल ठेवलं तर अमेरिकेच्या ताब्यात दिलं जाण्याची भीती, म्हणून हार्डीचा इंग्लंडमधला डॉर्सेट परिसर फ्रान्समधल्या नॉर्मंडी-ब्रिटनीत शोधला. अशा माणसाने टेसची गोष्ट सांगावी, हे मला खुपतं. चित्रपट देखणा आहे, तरी खुपतं. छायालेखक जेफ्री अन्सवर्थ चित्रीकरण चालू असतानाच वारले, घिस्लाँ क्लोके यांनी काम पुरं केलं आणि ऑस्कर दोघांच्या नावे लागलं. टेस झालेली नस्तास्या किन्स्की तर सबंध चित्रपटभर जेमतेम बोलते आणि तरीही नजर हलत नाही.

मुलीला चौतीस आणि पस्तीस ही प्रकरणं मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही शेजारी बसा.