बास्क आघाडीवीर इसिद्रो लांगारा : वाचकांचे प्रश्न

स्पॅनिश यादवी युद्धात परागंदा झालेल्या, उत्तर स्पेनमधील बास्क प्रदेशाच्या फुटबॉलपटूंपैकी लांगाराविषयी आलेल्या प्रश्नांतील चार येथे घेतले आहेत.

प्रश्न : देश सुटला तेव्हा लांगारा कितपत नावाजलेला होता?

स्पेनमध्ये त्या काळी त्याच्या तोडीचा गोल करणारा दुसरा नव्हता, असे मी म्हणेन. सान सेबास्तियानजवळच्या पासाया या बंदरगावी 1912 मध्ये जन्मलेला हा खेळाडू बास्क प्रदेशाबाहेरच्या ओव्हिएदो संघाकडून खेळला आणि 1933-34 पासून सलग तीन हंगाम स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. हंगाम तेव्हा 18 किंवा 22 सामन्यांचाच असे, आणि या तीन हंगामांत त्याची सरासरी सामन्यामागे एका गोलाहून अधिक होती. 1934 च्या विश्वचषकात जेनोआ येथे स्पेनने ब्राझीलला 3-1 असे हरवले, त्यांतील दोन गोल त्याचे. पुढच्या वर्षी कोलोन येथे जर्मनीवरच्या 2-1 या विजयातील दोन्हीही त्याचेच. स्पेनसाठी 12 सामन्यांत 17 गोल हा त्याचा हिशेब 1936 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कायमचा थांबला.

प्रश्न : बास्क संघातील खेळाडू युद्धातून पळून गेले, असे वाचनात आले. ते खरे आहे का?

हा आरोप घटनाक्रमाशी जुळत नाही. 1937 च्या वसंतात बास्क खेळाडूंचा हा संघ, ज्यात लांगाराही होता, परदेश दौऱ्यावर निघाला, तेव्हा बिलबाओ हे बास्क शहर बास्क सरकारच्याच ताब्यात होते आणि दौऱ्यामागेही तेच सरकार होते. त्याचे अध्यक्ष होसे आंतोनियो आगिरे हे स्वतः अथलेतिक बिलबाओचे माजी खेळाडू. युद्धाची झळ लागलेल्या निर्वासितांसाठी, विशेषतः मुलांसाठी, पैसा उभारावा आणि आपल्या सरकारचे अस्तित्व जगाला दिसावे, असा दुहेरी हेतू होता. म्हणजे प्रचाराचा भाग त्यात होताच, आणि तो नाकारण्याचे कारणही नाही. पहिला सामना 26 एप्रिल रोजी पॅरिसमध्ये रेसिंग संघाविरुद्ध झाला. बास्क संघ 3-0 असा जिंकला, तिन्ही गोल लांगाराचे होते, आणि त्याच दिवशी गेर्निका या बास्क गावावर बॉम्बवर्षाव झाला. पुढे संघ सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर असतानाच, 19 जूनला, बिलबाओ यादवीतील बंडखोर सेनानी फ्रँकोच्या सैन्याच्या हाती पडले. ज्या सरकारने त्यांना धाडले होते त्याची भूमीच गेल्याने परतीची वाट बंद झाली. सगळ्यांनी मात्र एकच निर्णय घेतला नाही : गोरोस्तिसा हा नामांकित डावा विंगर फ्रँकोच्या स्पेनमध्ये परतला आणि नंतर व्हॅलेन्सियाकडून खेळला.

उरलेल्यांनी अटलांटिक ओलांडला. अर्जेंटिनात फिफाच्या मनाईमुळे त्यांना संघ म्हणून खेळता आले नाही. मेक्सिकोत मात्र 1938-39 च्या लीगमध्ये ‘एउस्कादी’ (बास्क प्रदेशाचे बास्क नाव) या नावाने उतरून त्यांनी दुसरे स्थान मिळवले.

प्रश्न : अर्जेंटिनातील सान लोरेन्सो संघाकडून पहिल्याच सामन्यात चार गोल, ही दंतकथा तर नव्हे?

नाही. 21 मे 1939 रोजी ब्युनोस आयर्समध्ये, बोटीतून नुकताच उतरलेला लांगारा रिव्हर प्लेटसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध खेळला, पूर्वार्धातच त्याने चार गोल केले आणि सामना सान लोरेन्सोने 4-2 असा जिंकला. या एका दुपारीवरच लोक थांबतात, हे मला खटकते. कारण 1940 मध्ये 33 गोल करून अर्जेंटिनाच्या लीगमधील पहिले स्थान त्याने बेनितेस कासेरेसबरोबर विभागून घेतले, आणि अनोळखी देशात, अनोळखी साथीदारांबरोबर संपूर्ण हंगामभर टिकवलेले हे सातत्य मला त्या चार गोलांहून मोठे वाटते. पुढे मेक्सिकोत रेआल क्लुब एस्पान्याकडून 1943-44 मध्ये 27 आणि 1945-46 मध्ये 40 गोल करून तो तिसऱ्या देशातही अव्वल ठरला. मेक्सिकोची व्यावसायिक लीग तेव्हा नुकती सुरू झाली होती, त्यामुळे 40 हा आकडा मी स्पेनमधल्या गोलांच्या तराजूत घालणार नाही.

प्रश्न : तो मायदेशी परतला का? त्याच्या साथीदारांचे काय झाले?

1946 मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तो ओव्हिएदोत परतून दोन हंगाम खेळला. नंतर प्रशिक्षक म्हणून पुन्हा अमेरिका खंडात गेला. 1951 मध्ये चिलीतील उनिओन एस्पान्योला हा संघ त्याच्या हाताखाली विजेता झाला. 1992 मध्ये बास्क प्रदेशातच, आंदोआइन येथे, त्याचे निधन झाले. साथीदारांपैकी आन्खेल सुबिएता सान लोरेन्सोमध्ये बारा-तेरा वर्षे रमला. बास्क संघाची धुरा वाहणारे पेद्रो व्हायाना, जे 1920 च्या ऑलिंपिकमध्ये स्पेनकडून खेळले होते, उरुग्वेत स्थायिक झाले. लुईस रेगेइरो मेक्सिकोतच राहिला, आणि त्याच्याच नावाचा त्याचा मुलगा 1966 च्या विश्वचषकासाठी मेक्सिकोच्या संघात होता.