अमेरिकेच्या न्यायालयाने मृत्युदंडाला क्रूर का म्हटलं नाही?

प्रश्न : सर, जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एका कैद्याला तोंडावर मास्क लावून नायट्रोजन वायूने मारलं. ती बातमी आल्यापासून माझा आणि मुलाचा वाद चालू आहे. तो म्हणतो, तिथल्या राज्यघटनेत ‘क्रूर आणि असाधारण’ शिक्षेला सरळ बंदी आहे, मग हे चालतंच कसं? माझं म्हणणं, सुपारी घेऊन ज्याने एका बाईचा जीव घेतला, त्याला मरताना किती दुखलं याची मोजदाद कशाला? आमच्यात बरोबर कोण?

उत्तर : मायलेकांच्या भांडणात पडायचं नसतं, एवढं मला कळतं. तरी कायद्यापुरतं बोलतो.

मुलाने सांगितलेलं वाक्य खरं आहे. १७९१ साली मंजूर झालेल्या आठव्या घटनादुरुस्तीत ते आहे आणि ते १६८९ च्या इंग्लंडमधल्या हक्कांच्या सनदेतून जवळजवळ जसंच्या तसं उचललेलं आहे. पण त्याची अडचण त्याच कागदावर आहे. त्याच वर्षीची पाचवी घटनादुरुस्ती सांगते की रीतसर प्रक्रियेशिवाय कुणाचा जीव, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. म्हणजे प्रक्रिया रीतसर झाली तर जीव घेता येतो, हे घटना लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कालिया शेवटपर्यंत हाच मुद्दा मांडत राहिले. मला त्यांचा निष्कर्ष पटत नाही, पण मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही.

याला उत्तर म्हणून १९५८ च्या ट्रॉप खटल्याकडे बोट दाखवतात. सैन्यातून पळालेल्या एका सैनिकाचं नागरिकत्वच काढून घेतलं होतं. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिलं की या दुरुस्तीचा अर्थ प्रगल्भ होत जाणाऱ्या समाजाच्या सभ्यतेच्या बदलत्या कसोट्यांवर लावायचा. मृत्युदंडाचे विरोधक हे वाक्य मोठ्या प्रेमाने उद्धृत करतात. त्याच निकालपत्रात वॉरन यांनी असंही म्हटलं आहे की मृत्युदंड अजून मोठ्या प्रमाणावर मान्य असल्याने त्याला घटनेच्या अर्थाने क्रूर म्हणता येत नाही. ते वाक्य मात्र सोयीस्करपणे गाळलं जातं.

मग आलं १९७२. सर्वोच्च न्यायालयाच्या ‘फर्मन विरुद्ध जॉर्जिया’ या निकालाने देशभरातले मृत्युदंडाचे कायदे एका दिवसात कोलमडले आणि सहाशेहून अधिक कैद्यांची शिक्षा रद्द झाली. मी शिकवत असताना विद्यार्थ्यांना सांगायचो, हा निकाल वाचायला घ्याल तर सुट्टी काढून घ्या, कारण नऊ न्यायमूर्तींनी नऊ वेगवेगळी मतं लिहिली आहेत. पाच विरुद्ध चार अशा त्या बहुमतात ‘ही शिक्षा मुळातच क्रूर’ असं म्हणणारे दोघेच होते, ब्रेनन आणि मार्शल. उरलेल्या तिघांचा आक्षेप शिक्षेच्या वाटपावर होता. स्टुअर्ट यांनी लिहिलं की अंगावर वीज पडणं जितकं क्रूर आणि असाधारण, तितकीच ही शिक्षा. सारख्याच गुन्ह्याच्या असंख्य आरोपींमधून मूठभरांवर ती पडते, आणि त्यांच्यावरच का, हे कुणालाच सांगता येत नाही.

राज्यांनी त्यातून काय बोध घ्यावा? पस्तीस राज्यांनी नवे कायदे केले. दोषसिद्धी झाल्यावर शिक्षेची सुनावणी वेगळी, गुन्ह्याचं गांभीर्य वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या बाबींची नोंद, वरच्या न्यायालयाकडून तपासणी. १९७६ मध्ये ‘ग्रेग’ खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने ही व्यवस्था मान्य केली आणि जानेवारी १९७७ मध्ये युटा राज्यात गोळ्या घालून पहिली अंमलबजावणीही झाली.

आता बाई, तुमच्या मुद्द्याकडे येतो. गुन्हा किती भयंकर, याचं माप न्यायालयही लावतं, पण ते बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने लागलं आहे. प्रौढ स्त्रीवरच्या बलात्काराला मृत्युदंड नाही (१९७७), बौद्धिक अपंगत्व असलेल्याला नाही (२००२), गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांखाली असलेल्याला नाही (२००५), मुलाचा जीव गेला नसेल तर बालकावरील बलात्कारालाही नाही (२००८). सुपारी घेऊन केलेला खून यातल्या कशातच बसत नाही. तेव्हा तुम्ही म्हणता तो माणूस या चाळणीतून सुटला नसता.

पण अलाबामाच्या त्या खटल्यातली एक गोष्ट तुमच्या बातमीत बहुधा नसेल. केनेथ स्मिथ, म्हणजे तोच कैदी, त्याच्या खटल्यात ज्युरीतल्या बारापैकी अकरा जणांनी जन्मठेप सुचवली होती. न्यायाधीशांनी ती बाजूला सारून मृत्युदंड दिला. ज्युरीचं मत असं फिरवायची मुभा अलाबामाने २०१७ मध्ये काढून टाकली, पण जुन्या शिक्षांना हात लावला नाही. तोच खटला वीसेक वर्षं उशिरा उभा राहिला असता तर हा माणूस जिवंत असता. नायट्रोजनपेक्षा मला हे जास्त खुपतं. स्टुअर्ट यांची वीज ती हीच.

आणि ही वीज आंधळी असती तरी एक वेळ चाललं असतं. १९८७ चा मॅक्लेस्की खटला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आरोपी कृष्णवर्णीय, दरोड्यात मारला गेलेला पोलीस गोरा. बचाव पक्षाने प्राध्यापक बाल्डस यांचा अभ्यास पुढे ठेवला. जॉर्जियातल्या दोन हजारांहून अधिक खटल्यांचा तो होता. इतर सगळे घटक जमेस धरूनही, मृत व्यक्ती गोरी असेल तर मृत्युदंडाची शक्यता ४.३ पट होती. न्यायालयाने आकडे खोटे ठरवले नाहीत. खरे धरून चालू म्हणाले, पण याच आरोपीबाबत जाणूनबुजून भेदभाव झाला हे सिद्ध करा! शिवाय हे मान्य केलं तर सगळ्याच शिक्षांवर प्रश्न उभे राहतील, अशी भीतीही निकालपत्रात आहे. ब्रेनन यांनी भिन्नमतात त्याला ‘जास्तीच्या न्यायाची भीती’ म्हटलं. पाच विरुद्ध चार. बहुमताचं निकालपत्र लिहिणारे पॉवेल निवृत्तीनंतर आपल्या चरित्रकाराला म्हणाले की आज मी मत बदललं असतं. मॅक्लेस्कीला १९९१ मध्ये विजेच्या खुर्चीत मारलं.

वेदनांचं काय, असं मुलगा विचारेल. तिथे न्यायालयाने स्वतःभोवती विचित्र गुंता करून ठेवला आहे. १८९० मध्ये विजेची खुर्ची आली ती गळफासापेक्षा दयाळू म्हणून. पहिल्याच कैद्याला दुसऱ्यांदा प्रवाह द्यावा लागला. मग इंजेक्शन आलं, तेही दयाळू म्हणूनच. स्मिथवर २०२२ मध्ये तेच वापरणार होते, पण शीर सापडेना, शेवटी थांबवावं लागलं. नायट्रोजनने काही सेकंदांत शुद्ध हरपेल असं राज्याने सांगितलं होतं. प्रत्यक्ष पाहणाऱ्या पत्रकारांनी काही मिनिटं अंगाचे आचके आणि धापा पाहिल्या. न्यायालयाचं म्हणणं २०१९ पासून स्पष्ट आहे : आठवी दुरुस्ती वेदनारहित मरणाची हमी देत नाही. पद्धतीला आव्हान द्यायचं तर कमी वेदनेची, अमलात आणता येईल अशी दुसरी पद्धत कैद्यानेच सुचवायची. (स्मिथच्या वकिलांनी इंजेक्शनला विरोध करताना नायट्रोजनचं नाव घेतलं होतं!) या वादात मी फार वेळ घालवत नाही. पद्धत सुधारली की शिक्षा सुधारली असं वाटायला लागतं, आणि ती कुणाला मिळते हा प्रश्न मागे पडतो.

प्रश्न : मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय नजीकच्या काळात मृत्युदंड घटनाबाह्य ठरवेल का?

उत्तर : सध्याचं न्यायालय नाही. २०१५ मध्ये न्यायमूर्ती ब्रेयर यांनी भिन्नमतात हा प्रश्न नव्याने ऐका असं म्हटलं, त्यांच्यासोबत फक्त गिन्सबर्ग होत्या, आणि आज दोघेही तिथे नाहीत. बदल होतोय तो राज्यांच्या विधिमंडळांत. तेवीस राज्यांत ही शिक्षा उरलेली नाही. इतिहासात सर्वाधिक मृत्युदंड देणाऱ्या व्हर्जिनियानेही ती २०२१ मध्ये रद्द केली. डिसेंबर २०२४ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी संघराज्याच्या कायद्याखाली मृत्युदंड झालेल्या चाळीसपैकी सदतीस कैद्यांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. तिघांना वगळलं : बोस्टन मॅरेथॉनचा बॉम्बस्फोट, चार्ल्सटनच्या चर्चमधला आणि पिट्सबर्गच्या सिनेगॉगमधला गोळीबार, या खटल्यांतले. तिघांच्याही अपराधाबद्दल शंका नाही. तुम्हाला मृत्युदंडाविरुद्ध अभिरूप न्यायालयात (मूट कोर्टात) युक्तिवाद करायचा असेल तर शिक्षा होऊन नंतर निर्दोष ठरलेल्यांपासून नको, या तिघांपासून सुरुवात करून पाहा. टिपण पाठवलंत तर वाचून शेरे मारून परत देईन.